सातवी रांग

फ्लॅट सतराची गाडी सातव्या रांगेत गेली, ही बातमी फ्लॅट सतरावाल्यांनाच सगळ्यात शेवटी कळली. सोमवारी सकाळी खैरनार अण्णा कोथिंबिरीची जुडी घेऊन फाटकातून आत शिरले, तर तळमजल्यावरचे देवरे पार्किंगच्या बोर्डापाशी उभे. एरवी दहा फुटांवरून "काय अण्णा, आज स्वारी लवकर?" म्हणून ओरडणारा हा माणूस आज आवाज उतरवून म्हणाला, "वहिनींची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे की. का हो?"

देवरेंनी बोर्डाकडे नुसती हनुवटी उडवली.

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला आणि वाचलं. फ्लॅट सतरा, रांग सात. कोथिंबिरीची जुडी हातातच राहिली. आता एका गाडीच्या जागेवरून माणसाने एवढं हबकून का जावं, असं बाहेरच्याला वाटेल. त्यासाठी फडताळाची गोष्ट सांगायला हवी.

नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याच्या पलीकडे 'सुयोग सहनिवास' ही तीन मजली इमारत. चोवीस बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. रस्त्यावर गाडी उभी करायला बंदी आली तेव्हा चोवीस घरांच्या गाड्या मागच्या चिंचोळ्या अंगणात मावेनात. कोणी कुंड्या मांडून जागा अडवतोय, कोणी मोडकी खुर्ची, कोणी पाण्याचं पिंप. शेवटी तर दोन भावांसारखे शेजारी एका दगडावरून हमरीतुमरीवर आले. मग सोसायटीने ते यंत्र बसवलं. सात रांगा, रांगेत चार लोखंडी पाट. चोवीस पाटांवर गाड्या, चार मोकळे. मोकळ्या पाटांच्या आधाराने यंत्र गाड्या पुढे-मागे सरकवतं. पहिल्या रांगेतली गाडी दीड मिनिटात दारात, सातवीतली काढायची तर पुढच्या सगळ्या हलवाव्या लागतात, अर्धा तास कुठे गेला नाही.

बायकांनी त्याचं नाव ठेवलं फडताळ, आणि नाव अगदी चपखल बसलं. फडताळात काय करतो आपण? रोजचा चहाचा डबा पुढे, सणासुदीची परात मागे. यंत्रही तेच करतं. फक्त कोणता डबा रोजचा हे त्याला आधी कळावं लागतं. त्यासाठी जिन्याच्या प्रत्येक पायरीखाली एक पातळ पट्टी बसवली होती. तिच्यात असे स्फटिक, की दाब पडला की कणभर वीज निघते. कोण उतरलं, टाच आधी की चवडा, दोन पावलांत किती वेळ, कुठला पाय जड, हे सगळं त्या कणभर विजेत उमटतं. महिन्याभरात यंत्र चोवीस घरांतल्या माणसांना पावलांवरून ओळखायला लागलं. आणखी सहा महिन्यांनी त्याला असंही उमगलं, की माणूस बाहेर जाणं कमी करतो त्याच्या कितीतरी आधी त्याची चाल बदलते. तेव्हापासून ते उद्याचा नाही, तीन महिन्यांनंतरचा अंदाज बांधायला लागलं. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय!

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण पौषात फ्लॅट पाचच्या कुलथे आजोबांची गाडी अचानक सातव्या रांगेत गेली. आजोबा ठणठणीत, रोज बाजारहाट करणारे. सगळे यंत्राला हसले. होळीच्या आदल्या दिवशी आजोबा गेले. मग कोणी हसेना. बोर्डाकडे बघताना बायका आधी आपला आकडा बघायच्या आणि मग गुपचूप दुसऱ्यांचा. 'सातवीत गेला' हे शब्द सुयोगमध्ये कोणी मोठ्याने उच्चारत नसे.

अण्णा सोसायटीचे सेक्रेटरी. चौदा वर्षं एसटीत कंडक्टर, पुढे डेपोत वाहतूक नियंत्रक. ऐंशी गाड्यांचा डेपो त्यांनी शिट्टीवर चालवला होता. फडताळ आणलं त्यांनीच, सभेत भांडून. सेक्रेटरी म्हणून त्यांना बोर्डामागची माहितीही बघता यायची. त्यांनी ती उघडली. फ्लॅट सतराच्या नावापुढे लिहिलं होतं, 'कारण: दुसऱ्या व्यक्तीची चाल.'

दुसरी व्यक्ती म्हणजे वैजयंता. अण्णांची बायको. अण्णा एकटे असले की स्कूटरवर जात, गाडी निघायची ती वैजू बरोबर असली तरच.

अण्णा घाबरले. आणि घाबरलं की चिडायचं, हा त्यांचा जन्माचा स्वभाव. त्यांनी यंत्राची देखभाल करणाऱ्या वाघबाईंना फोन लावला.

"मॅडम, तुमचं यंत्र बिघडलंय."

वाघबाईंनी त्यांच्या बाजूने सगळं तपासलं. "बिघडलेलं नाही, काका. काकूंचा डावा पाय घासत येतोय. पाऊल आखूड पडतंय. वळणावर थांबतायत. गेल्या वर्षापासून थोडं थोडं वाढत गेलंय. आमच्या यंत्राला आजारपणातलं काही कळत नाही, ते फक्त गाडीचं बघतं. पण काका, एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या ना."

"तुम्हाला गाड्या लावायला आणलंय, नाडी बघायला नाही!" अण्णा म्हणाले आणि फोन ठेवला.

वर आले तर घरभर करपल्याचा वास. फोडणीतली मोहरी कोळसा झालेली आणि वैजू शेजारीच शांतपणे भेंडी चिरत उभी.

"अगं, नाक आहे का गहाण टाकलंय?"

"अगबाई!" तिने गॅस बंद केला. "मला हल्ली वासच येत नाही मेला."

ओट्यावर वाण्याची यादी पडली होती. पहिली ओळ बऱ्या अक्षरात, शेवटची मुंगीएवढी. अण्णांनी ती उचलली, डोळ्यांजवळ नेली, आणि म्हणाले, "कागद वाचवतेस का?" ती हसली. पूर्वी वैजू हसली की गाल वर चढायचे. आता नुसते ओठ हलले. अण्णांना ते दिसलं. दिसलं आणि त्यांनी मान फिरवली, हे पुढे त्यांना रोज आठवणार होतं.

"वैजू, तू पाय ओढत चालतेस."

"वय झालं हो आता."

"वय-बिय काही नाही, आळस आहे. उद्यापासून सकाळी जिना. मी शिकवतो."

कपाटाच्या खणातून त्यांनी आपला जुना पंच काढला. तिकिटं टोचायचा, पोलादी, मुठीत मावणारा. तिकिटांची यंत्रं आली तेव्हा बाकीच्यांनी पंच जमा केले, अण्णांनी आपला ठेवून घेतला होता. गाडीत घंटीची दोरी तुटली की ते याच पंचाने दांडीवर ठोकायचे. एक ठोका, गाडी थांबव. दोन ठोके, जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दोघं जिन्यात. वैजू वळणावर नेहमीसारखी अडली. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. "निघतच नाही हो," ती म्हणाली. अण्णांनी कठड्यावर पंच आपटला. टिंग-टिंग.

वैजूचा पाय उचलला गेला.

मग पायरीला एक ठोका. टिंग, पाऊल. टिंग, पाऊल. तळमजल्यापर्यंत ती अशी उतरली, की अण्णांना वीस वर्षांपूर्वीची वैजू दिसली. खाली पोचल्यावर ती स्वतःच चकित झाली.

"अहो, मी बायको आहे की एस्टी?"

"एशियाड!" अण्णा म्हणाले, आणि दोघं लहान पोरांसारखी हसली.

खोटं कशाला बोला, ते दोन महिने सुखाचे गेले. सकाळचा जिना, मग गच्चीवर चहा. कित्येक वर्षांत दोघं एवढी बरोबर चालली नव्हती. वैजूला सराव लागला. 'डबल' दिली, म्हणजे दोन ठोके पडले, की निघायचं. विचार करायचा नाही, पाय आपोआप जातात. पहिल्या मजल्यावरच्या बागूलबाई दार उघडून बघत राहायच्या. एकदा त्या म्हणाल्याही, "अण्णा, ठोका नसला की त्या भिंतीला धरून उभ्या असतात हो. दुपारी मी पाहिलंय." अण्णा म्हणाले, "सवय लागतेय अजून."

पट्ट्या रोज सकाळी वैजूची पावलं टिपत होत्या, लांब आणि ठाम. बाकी दिवसभर ती हळूहळू जिना उतरेनाशी झाली होती, त्यामुळे दुसरी पावलं त्यांना मिळतच नव्हती. दसऱ्याला गाडी तिसऱ्या रांगेत आली. दिवाळीत पहिल्या. अण्णांनी चोवीस घरांत पेढे वाटले. "नात झाली का?" देवरेंनी विचारलं. "त्याहून मोठी गोष्ट," अण्णा म्हणाले. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांनी देवाला हात जोडले. बायको वाचली होती. बोर्डावर तसं लिहिलंच होतं.

तुळशीचं लग्न झाल्यावर वैजूच्या भाचीचा साखरपुडा ठरला, सिन्नरला. वैजूने डाळिंबी रंगाची पैठणी नेसली. नेसायला तिला तास लागला, निऱ्या धरताना हात थरथरत होता. अण्णा घड्याळ बघत होते. पहिल्या रांगेची एक अट होती. बोलावलेली गाडी दारात तीनच मिनिटं थांबते. तेवढ्यात निघाली नाही तर यंत्र ती परत नेतं, आणि फुकट बोलावणाऱ्याची रांग घसरते.

"मी खाली जाऊन गाडी काढतो. तू ये."

"अहो, ठोका द्यायला थांबा ना."

"आता तुला जमतं की! दोन मजले तर उतरायचेत."

"वळणावर भीती वाटते हो."

"कठडा धर. ये."

ते ओटीचं सामान घेऊन खाली धावले. गाडी दारात आली. स्वच्छ पुसलेली, दसऱ्याच्या झेंडूची वाळकी माळ अजून पुढे लटकत असलेली. अण्णा आत बसले. बोर्डावर आकडे उलटे पळायला लागले. एकशेऐंशी. एकशेचाळीस. नव्वद. जिन्याच्या दारात कोणी नाही.

देवरे फाटकापाशी उभे होते. ते गमतीनेच म्हणाले, "अण्णा, बघा हं, जाईल परत सातवीत!"

तो शब्द कोणी उच्चारत नसे. अण्णांची नजर परत आकड्यांवर गेली. पन्नास. चाळीस. त्यांनी हॉर्नवर हात ठेवला आणि दाबला.

दोनदा.

पुढचं बागूलबाईंनी सांगितलं. वैजू वळणावर उभी होती, दोन्ही हातांनी कठडा धरून. पाय हलत नव्हते आणि तिने ते हलवायचा प्रयत्नही सोडला होता, शहाण्या बाईसारखी. "थांबा काकू, मी हात देते," म्हणून बागूलबाई दोन पायऱ्या चढल्या होत्या. तेवढ्यात खालून हॉर्न वाजला. वैजूने कठडा सोडला आणि ती निघाली. अगदी ताठ, लांब पाऊल टाकून, पायरी कुठे आहे ते न बघता.

तिच्या पडण्याचा आवाज अण्णांना गाडीत ऐकू आला. बोर्डावर तेव्हा बावीस होते.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी मेंदूच्या डॉक्टर गोसावीबाई तिला तपासून गेल्या, आणि अण्णांना बाहेरच्या बाकावर घेऊन बसल्या.

"वास येत नाही, हे कधीपासून?"

"असेल दोन वर्षं."

"अक्षर बारीक होणं?"

अण्णांना ती वाण्याची यादी आठवली.

"पार्किन्सन्स आहे, अण्णा. चांगला जुना. मेंदूत चालण्याचा ताल धरणारी एक जागा असते. आतली घंटा समजा. ती एकदा वाजली की पाय चालतात, आपल्याला विचार करावा लागत नाही. या आजारात ती घंटा मंद होत जाते." मग त्यांनी विचारलं, "बागूलबाई सांगत होत्या, तुम्ही ठोका द्यायचात. कोणी शिकवलं तुम्हाला?"

"कोणी नाही. एसटीत तसंच असतं."

"गंमत अशी, की तो खरा उपाय आहे. आम्हीही देतो. बाहेरचा ताल आतल्या घंटेची जागा घेतो. पण औषधाच्या जोडीला, आणि माणूस शेजारी असताना. नुसता तोच दिला की दुखणं झाकलं जातं. ताप मोजायचा सोडून थर्मामीटर झटकून ठेवल्यासारखं. औषध वर्षभर आधी सुरू झालं असतं तर..."

"मला सांगितलं होतं," अण्णा म्हणाले. "गाड्या लावणाऱ्या यंत्राने सांगितलं होतं. मी त्याला खोटं पाडलं." आणि भर दवाखान्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, अडुसष्ट वर्षांचा तो माणूस हमसून हमसून रडला.

वैजू घरी आली ती स्ट्रेचरवर, चौघांनी जिन्यातून उचलून. औषधं सुरू झाली, पण हाड नीट धरेना, त्यात दोनदा छातीत कफ झाला. ती पलंगाला खिळली ती खिळलीच. बोलणं पुटपुटण्यापर्यंत आलं. गाडी आपोआप सातव्या रांगेत गेली. या खेपेला अण्णांनी कोणाला फोन केला नाही.

जानेवारीत सोसायटीची सभा भरली. एकच विषय होता. देवरेंनी मांडला आणि बावीस घरांनी उचलून धरला. बोर्डावर रांग दाखवायची नाही, आणि यंत्राच्या आतलं 'कारण' तर सेक्रेटरीलाही दिसता कामा नये. ते मुळात साठवायचंच नाही.

"रोज सकाळी उठून यमाचं तोंड कशाला बघायचं?" देवरे म्हणाले. "गाडी यायची तेव्हा येईल."

अण्णा उठले. "असं करू नका. ते यम नाही. ते नुसतं सांगतं. ऐकायचं राहिलं ते माझ्याकडून. उद्या तुमच्यापैकी कोणाचा पाय घासायला लागला तर कळणार कसं? आपण आपल्या माणसाकडे बघत नाही हो, मी चाळीस वर्षं एका घरात राहून बघितलं नाही!"

कोणी त्यांच्या डोळ्यांना डोळा देईना. "अण्णा, तुम्ही दुःखात आहात," कोणीतरी हळूच म्हणालं. "शुभ बोलावं माणसाने." ठरावाच्या विरोधात दोनच हात वर झाले, अण्णांचा आणि बागूलबाईंचा. सेक्रेटरी म्हणून ठराव अण्णांनाच वहीत उतरवावा लागला. त्यांनी तो स्वच्छ अक्षरात उतरवला आणि खाली राजीनामा लिहिला.

वर आले तेव्हा चार वाजत होते. वैजू जागी होती, छताकडे बघत. त्यांनी चहा टाकला, तिच्या कपात दोन चमचे दाटपणा आणणारी पूड घातली, नुसता चहा हल्ली घशात अडकायचा. चमच्याने पहिला घोट पाजला. दुसरा पाजणार, तेवढ्यात खाली देवरेंची गाडी दारात आली. देवरेंना बायकोला हाक मारायचा कंटाळा. त्यांनी हॉर्न दिला. दोनदा.

चादरीखाली वैजूचा उजवा पाय उचलला गेला.

कप अण्णांच्या हातात कलंडला. उजवा पाय खाली आला आणि डावा उचलला, मोडलेल्या बाजूचा. वेदनेने तिचं तोंड वाकडं झालं, तरी पाय थांबेना. पुन्हा उजवा. पुन्हा डावा. पडल्यापडल्या ती जिना उतरत होती.

"वैजू, थांब. अगं, थांब ना!" अण्णांनी चादरीवरून पाय धरले. हातांना ते ऐकेनात. मग ते उठले, कपाटाचा खण ओढला आणि पंच काढला. त्या दिवसानंतर त्यांनी त्याला हात लावला नव्हता. पलंगाच्या लोखंडी दांडीवर त्यांनी तो आपटला.

टिंग.

एकच.

पाय थांबले. चादर सपाट झाली. वैजूने दमून श्वास सोडला आणि ओठ हलवले. अण्णा वाकले, कान तिच्या तोंडाशी नेला.

"आलं का हो सिन्नर?"

"आलं," ते म्हणाले. "उतरायचंय आता. सावकाश. मी हात धरलाय."

तिने डोळे मिटले. खाली देवरेंची बायको अजून आली नसावी. त्यांनी परत हॉर्न दिला, दोनदा, या खेपेला जरा लांबवून. चादर पुन्हा हलली, आणि अण्णांनी पुन्हा एक ठोका दिला.